ग्रहणाची क्रूझ आणि आमचे तीन लाख छत्तीस हजार

१६ फेब्रुवारी १९८० ला मी फोंड्यात नववीत होते. कारवार-अंकोल्याकडे खग्रास होतं, इतकं जवळ, आणि आमच्या घरी खिडक्यांना गोधड्या बांधून सगळ्यांना आत बसवलेलं. २००९ मध्ये हट्टाने सुरतला गेलो, तर तिथे पाऊस. सकाळीच काळोख झाला एवढं कळलं, सूर्य काही दिसला नाही. तीस वर्षं विज्ञान शिकवताना फळ्यावर करोना, म्हणजे खग्रासात सूर्याभोवती दिसणारं तेजोवलय, काढला, डोळ्यांनी मात्र एकदाही पाहिला नाही. हे एवढं सांगते, कारण त्या मुलाने नेमकी हीच दुखरी जागा धरली.

पणजीला आकाशदर्शनावरच्या एका व्याख्यानाबाहेर टेबल मांडून तो बसला होता. मला बघताच उठून उभा. ‘‘टीचर, ओळखलं नाही? तुमच्याच हायस्कूलचा, पण तुम्ही आमच्या वर्गाला नव्हता.’’ २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रासाची क्रूझ विकत होता. बार्सिलोनाहून निघायचं, ग्रहणाच्या दिवशी जहाज जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत, साडेचार मिनिटांच्या आसपास खग्रास. सगळं बरोबर. ग्रहण जिथून पूर्ण दिसतं तो पट्टा खरंच तिथून जातो, पुढे उत्तर आफ्रिकेच्या कडेने इजिप्तमधल्या लक्सरकडे. तिथे तर सहा मिनिटांच्या वर. मी लक्सरचं विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘टीचर, ऑगस्टात तिथे भाजून निघाल. आणि जहाजाचा फायदा काय, ढग आले तर कॅप्टन जहाज हलवतो.’’ हेही खरंच आहे. खोटं बोलणारा माणूस इतकं खरं बोलतो हे मला नवीन होतं. (लक्सरला ऑगस्टात ढग शोधून सापडत नाहीत, हे तेव्हा सुचायला हवं होतं.)

दोघांचे मिळून ६ लाख ४० हजार. अर्धे आगाऊ, वर ५ टक्के टीसीएस (विकणाऱ्याने आधीच घेऊन सरकारकडे भरायचा कर), म्हणजे १६ हजार. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस घेतात हे ह्यांना माहीत होतं, त्यामुळे उलट विश्वासच बसला. आमचे पॅन घेतले, बिलासारखा एक कागद दिला, वर पुठ्ठ्याचे दोन ग्रहणचष्मे फुकट. २०२५ च्या दिवाळीनंतर बँकेत जाऊन एनईएफटी केलं. फॉर्म भरताना ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, ‘‘खात्यावर याचंच नाव कसं? कंपनीचं नाही?’’ त्याला फोन लावला. ‘‘अंकल, चालू खात्याचं काम चाललंय, ऑडिटमुळे अडकलंय.’’ मीच म्हटलं, चला हो, आपलाच मुलगा आहे. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे वाद घालता आला असता. पण कार्डाला दोन टक्के जास्त पडतात म्हणाला, आणि आम्ही ते दोन टक्के वाचवले.

बुकिंग नंबर आला. जहाज कंपनीच्या साइटवर तो आणि आडनाव टाकलं, बुकिंग सापडलं नाही. उत्तर तयार: ‘‘ग्रुप ब्लॉक आहे, नावं नंतर चढतात.’’ एजंट जहाजावरच्या खोल्या एकगठ्ठा राखून ठेवतात, हीसुद्धा खरीच पद्धत. फक्त मग ब्लॉक कोणाच्या नावावर आहे, त्याचं कंपनीचं पत्र दाखव, असं मी म्हणायला हवं होतं. व्हिसाचं विचारलं तर म्हणाला, लागत नाही, आपण जहाजावरच असणार. अहो, पण जहाजावर चढायला आधी बार्सिलोनात उतरायचं की नाही? युरोपच्या शेंगेन व्हिसाशिवाय विमानातही बसवणार नाहीत. हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर आला होता आणि आमटीबरोबर गिळला गेला.

शिगम्याच्या सुमारास नवा कार्यक्रम आला. जहाज बदललं, ग्रहणाच्या दिवशी मुक्काम अलेक्झांड्रिया. मी लॅपटॉपवर नकाशा उघडला. पट्टा इजिप्तमध्ये सिवाकडून लक्सरला जातो, अलेक्झांड्रिया त्याच्या कितीतरी उत्तरेला. फोन केला. ‘‘टीचर, जवळजवळ पूर्णच दिसतं तिथून.’’ जवळजवळ! नव्याण्णव टक्के झाकला तरी उरलेल्या एका टक्क्याचा उजेड करोना दिसू देत नाही, हे मी किती वर्षं मुलांना सांगत आले. त्या क्षणी पोटात गोळा आला. मघापर्यंत खरं बोलणाऱ्याचं पाठांतर संपलं होतं.

त्याच रात्री ह्यांनी आयकराच्या पोर्टलवर २६एएस, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराचा उतारा, काढून पाहिला. घेतलेला टीसीएस भरला असेल तर आपल्या पॅनवर दिसतो. डिसेंबरपर्यंतच्या तिमाहीचा हिशेब तोवर यायलाच हवा होता. पान रिकामं. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकला, तर तो एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. दोन्ही तपासायला मिळून दहा मिनिटं लागली, पैसाही लागत नाही. पैसे देण्याआधी निदान जीएसटी नंबर तरी बघायला हवा होता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण चार-पाच महिने उलटून गेले होते. तिकडून समजावून सांगितलं की पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येते, आता खात्यात काही उरलेलं नसणार. त्या मुलाचा फोन तेव्हापासून बंद आहे. आमच्यासारखे अजून किती, ते माहीत नाही. दोघं तर आम्हाला त्या व्याख्यानाच्या ओळखीतूनच भेटले. एक काकू म्हणाल्या, ‘‘तुम्ही भरले म्हणून आम्ही भरले.’’ हे वाक्य रक्कम गेल्यापेक्षा जास्त लागलं.

लेखी तक्रार द्यायला गेलो तेव्हा सगळे कागद नेले: पावती, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपच्या प्रिंट आणि ते दोन पुठ्ठ्याचे चष्मे. चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ असं, ग्रहणचष्म्यांचं सुरक्षेचं मानक, झोकात छापलेलं. खऱ्या ग्रहणचष्म्यातून खोलीत काळोखाशिवाय काही दिसत नाही. घरी मी एकदाही लावून पाहिला नव्हता, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढली नव्हती. टेबलामागच्या तरुण कॉन्स्टेबलने गंमत म्हणून एक डोळ्यांना लावला, वर ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या कॅलेंडराकडे.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘हातूंतल्यान सगळें दिसता.’’