पैसे भरून पुस्तक काढण्याचं पॅकेज: पहिल्या कथासंग्रहाचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

पुण्यातल्या एका प्रकाशनाकडून मी माझा पहिला कथासंग्रह स्वखर्चाने काढला. नाव देत नाही, कारण मी चौकशी केली तेव्हा बाकीच्यांची पॅकेजंही साधारण अशीच होती, त्यामुळे कुणाकडेही जात असाल तरी हे उपयोगी पडेल. पॅकेज 48 हजारांचं, डेमी साइज (कथा-कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार), 160 पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे दहा फॉर्मे, 200 प्रती, त्यात संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि वितरण असं सगळं धरलेलं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. संपादन. मला वाटलं होतं ऱ्हस्व-दीर्घ बघून देतील आणि झालं, पण ज्या संपादक ताई मिळाल्या त्यांनी प्रत्येक कथेवर पानभर टिपण लिहून पाठवलं. एका कथेत आत्या संध्याकाळच्या एसटीने गावाला जाते आणि दोन पानांनंतर रात्री सगळ्यांना ताटं वाढतेय, हे घरातल्या चार जणांनी आणि लेखक मित्रांनी वाचूनसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ताईंनी पेन्सिलीने गोल करून फक्त एवढंच लिहिलं होतं, "ही परत कधी आली?" दुसऱ्या एका कथेची पहिली दीड पानं त्यांनी काढायला सांगितली, कथा विहिरीपाशी सुरू होते, त्याआधीचं तुमच्यासाठी आहे वाचकासाठी नाही असं म्हणाल्या. दोन दिवस मी त्यांच्याशी फोनवर वाद घातला आणि मग ती पानं काढली, आता ती कथा संग्रहातली सगळ्यात घट्ट कथा आहे. चांगला संपादक मिळणं ही लिहिणाऱ्यासाठी केवढी मोठी गोष्ट असते ते मला तेव्हा कळलं. तीन स्टार आहेत ते जवळजवळ सगळे ताईंचे.

अक्षरजुळणीत मात्र डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. मी युनिकोडमध्ये टाइप करून दिलेलं, त्यांनी ते श्री-लिपी या छपाईसाठीच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट केलं आणि पहिल्या प्रुफात सगळीकडे 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' आणि 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालेलं. शोधून-बदलून सगळं निघत नाही कारण 'सूर्या', 'आर्या' असले शब्द बरोबर असतात, ते बिघडतात. तिसऱ्या प्रुफाला स्वच्छ झालं. प्रुफं कागदावरच मागा, स्क्रीनवर या चुका निसटतात.

आता पैशाचं. कोटेशनमध्ये आयएसबीएनचे वेगळे 3 हजार आणि कॉपीराइट रजिस्ट्रेशनचे 5 हजार लावले होते. आयएसबीएन आपल्याकडे सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. आणि कॉपीराइट लिहिलं की आपोआप लेखकाचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, करायचीच असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी 500 रुपये आहे. हे दाखवल्यावर दोन्ही रकमा काढल्या, तेव्हा कुठे आकडा 48 वर आला. करारात सगळ्या भाषा, ई-बुक आणि ऑडिओ यांचे हक्क दहा वर्षांसाठी त्यांच्याकडे असं कलम होतं. तेही खोडून घेतलं, कुरकुर न करता खोडलं हे मान्य करायला हवं.

पण रॉयल्टीचं गणित सही करताना कुणी समजावत नाही. "70 टक्के रॉयल्टी" ऐकायला फार छान वाटतं, नेहमीच्या प्रकाशकाकडे 10 टक्के मिळाले तरी नव्या लेखकाला बरं म्हणतात. ही 70 टक्के छापील किमतीवर नसते. पुस्तक 250 चं, त्यातून विक्रेत्याचं 45 टक्के कमिशन गेलं, उरले 137 रुपये 50 पैसे, त्यातून छपाईचे 80 वजा, उरले साडेसत्तावन्न, त्याचे 70 टक्के म्हणजे चाळीस रुपये. आणि छपाईचे पैसे तर मी पॅकेजमध्ये आधीच भरलेत, मग विकल्या गेलेल्या प्रतीवर ते परत का कापायचे? हे मी लेखी विचारलंय, अजून उत्तर नाही.

वितरण म्हणजे ऑनलाइन नोंद आणि त्यांच्या वेबसाइटवर फोटो. 100 प्रती माझ्या घरी आल्या, 100 त्यांच्या गोडाउनात. अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुण्याच्या पुस्तकांच्या बाजारात, मी स्वतः दुकानं फिरले, एका काकांनी फार प्रेमाने सांगितलं की ताई, नव्या नावाच्या पाच प्रती ठेवतो, विकल्या की हिशेब, नाही विकल्या तर घेऊन जा. त्यांचंही बरोबर आहे, फळीवर जागा किती असते! आज माझी जी विक्री झालीय ती ओळखीतून, ग्रंथालयांना स्वतः पत्रं लिहून आणि दोन वाचक कट्ट्यांवर जाऊन झालीय.

ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांनी पॅकेज घ्यायच्या आधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना नक्की बघा, ती पहिल्याच पुस्तकासाठी असते, म्हणजे पॅकेजमधून एक पुस्तक काढलंत की तो रस्ता बंद. आणि सुट्या कथा दिवाळी अंकांना पाठवत राहा, तिथे संपादकाच्या नजरेखालून जाऊन छापून येतं, आणि मी पाहिलंय की प्रकाशकांना पत्र लिहिताना आधी कुठे छापून आलंय हा पहिला प्रश्न असतो.

तरीही घेणारच असाल तर नुसतं संपादन वेगळं मिळेल का ते विचारा, मला नंतर कळलं की मिळतं, आणि त्यासाठी मी परत त्यांच्याकडे जाईन. आणि मांडणीची ओपन फाइल, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती, आपल्याला मिळेल असं करारात लिहून घ्या. मला फक्त पीडीएफ दिलीय, दुसरी आवृत्ती दुसऱ्या कुणाकडून काढायची म्हटली तर दहाच्या दहा फॉर्मे परत जुळवावे लागतील.