मांड्या भरून आल्यात: आज झोपून राहावं, चालावं की पुन्हा बैठका माराव्यात?

पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही. उलट अंगात भलताच उत्साह असतो, म्हणून ठरवल्यापेक्षा वीस बैठका जास्तच होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जड वाटतात आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरायची वेळ आली की खरी गंमत कळते. कठड्याला धरून, कुशीवर वळून, एकेक पायरी. खुर्चीत बसायला जावं तर शेवटच्या वीतभर अंतरात मांड्या दगा देतात आणि आपण धप्पकन खाली. अशा वेळी आज व्यायाम करायचा की नाही, हा प्रश्न येतोच. तीन वाटा समोर असतात: पूर्ण विश्रांती, हलकी हालचाल, किंवा दुखणं बाजूला ठेवून ठरलेला व्यायाम.

निवड करण्याआधी हे दुखणं आहे काय, ते बघू. बैठकीतून उठताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत वजन उचलतो. खाली जाताना मात्र तोच स्नायू लांबत लांबत वजन पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. दुसऱ्या दिवशीचं दुखणं मुख्यतः या ब्रेकच्या कामातून येतं. म्हणून डोंगर चढल्यावर धाप लागते, पण पाय धरतात ते उतरल्यामुळे. सवय नसलेल्या स्नायूत तंतूंची वीण सूक्ष्म पातळीवर विस्कटते, मग दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो आणि तिथल्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा येतं: साधारण 12 ते 24 तासांनी सुरू, 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वात जास्त, आणि बहुधा आठवडाभरात गायब.

व्यायामात स्नायूत साचलेल्या लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे असं दुखतं, असं बरेच जण समजतात. पण त्याचा यात हात नाही. तो समज हटता हटत नाही, आणि आपल्या भाषेत तर अंग चक्क ‘आंबतं’, म्हणजे आम्ल शब्दातच येऊन बसलंय. पण व्यायाम थांबल्यावर तासाभरात लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचं रक्तातलं रूप, जवळपास मूळ पातळीवर येतं. परवाच्या दुखण्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही. थिओडोर हफ या संशोधकाने 1902 मध्येच असं उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आत झालेल्या इजेतून येत असावं, असं मांडलं होतं.

आता वाटा.

पूर्ण विश्रांती घेतली तर दुखणं जाईल, यात शंका नाही. ते तसंही जाणारच असतं. पण पडून राहिल्याने ते लवकर जात नाही, आणि प्रत्येक वेळी उठताना आखडलेपण नव्याने जाणवतं. खरा तोटा वेगळाच. दोन दिवसांचे चार होतात, चाराचे दहा. मी स्वतः पहिल्या दिवशी शंभर बैठका मारल्या होत्या. सहा दिवस पाय दुखले आणि पुढचे बारा दिवस ‘अजून थोडं दुखतंय’ म्हणण्यात गेले. दुखत मात्र काही नव्हतं.

हलकी हालचाल म्हणजे वीस-तीस मिनिटं चालणं, सायकल, पोहणं, किंवा वजनाशिवाय सावकाश दहा-पंधरा बैठका. हिचा आराम हालचाल सुरू असताना आणि नंतर थोडा वेळ टिकतो. दुखणं मुळापासून जात नाही. तरीही दुखण्याच्या ऐन भरात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मी हीच वाट धरायला सांगेन. पाय मोकळे होतात आणि मुख्य म्हणजे व्यायामाची वेळ मोडत नाही.

ठरलेला व्यायाम तसाच केला तर? भीती वाटते तितकं हे वाईट नाही. आधीची झीज पूर्ण भरून यायच्या आत तोच व्यायाम पुन्हा केल्याने इजा वाढते, असं प्रयोगांत सहसा दिसत नाही. अडचण दुसरीच आहे: दुखऱ्या स्नायूची ताकद तात्पुरती कमी झालेली असते, सांध्याची हालचाल आखूड होते, आणि मग शरीर दुखरी जागा चुकवायला कंबर नाहीतर गुडघा वाकडा करतं. वजन उचलत असाल तर धोका या वाकडेपणात आहे. म्हणून भरात असताना जड वजन नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्या आवर्तनांनी तोच व्यायाम करावा. मधल्या दिवशी हात-पाठीचा व्यायाम घ्यायला काहीच हरकत नाही.

‘तोच व्यायाम’ यावर माझा भर का? कारण स्नायू एकदा पोळला की शिकतो. त्याच व्यायामाची दुसरी खेप पहिलीपेक्षा फार कमी दुखते, आणि हे संरक्षण काही आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. त्यासाठी पहिल्या दिवशी जीव तोडून व्यायाम करायची गरज नसते. मोजकी आवर्तनंही पुढच्या वेळेसाठी बऱ्यापैकी पाठबळ देतात. शंभर बैठकांऐवजी वीसने सुरुवात केली असती तर माझे अठरा दिवस वाचले असते.

बर्फ, मालिश, ताणाचे व्यायाम यांची तुलना थोडक्यात उरकतो, कारण फरक थोडाच आहे. व्यायामाआधी किंवा नंतर स्नायू ताणल्याने दुखणं जवळजवळ कमी होत नाही. मालिशने बरं वाटतं, आणि थोडा फरक खरंच पडतो. थंडगार पाण्यात बसल्याने दुखणं काहीसं उतरतं, पण स्नायू वाढवायचे असतील तर ही सवय नको: 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या एका प्रयोगात दर व्यायामानंतर थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. वेदनाशामक गोळी दुखणं झाकते आणि झाकलेल्या दुखण्यावर माणूस जास्त वजन उचलतो.

तीन-चार आठवड्यांनी उलटी तक्रार सुरू होते: आता दुखतच नाही, म्हणजे व्यायाम लागू पडत नाही का? पडतो. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेमुळे. मेंदू जास्त स्नायुतंतू एका वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायू डोळ्यांना जाड दिसायला आणखी काही आठवडे लागतात, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा तर त्याहून सावकाश बळकट होतात. व्यायाम लागू पडतोय का हे बघायचं तर वहीत बघा: मागच्या महिन्यात किती वजन, किती वेळा, आणि आज किती. दुखण्यावरून फक्त एवढंच कळतं की काम सवयीचं नव्हतं.

वरच्या तिन्ही वाटा कोणत्या दुखण्याला लागू नाहीत, तेही पाहून ठेवा. व्यायाम करतानाच सुरी खुपसल्यासारखी कळ आली, एकाच पायात किंवा सांध्यातच दुखतंय, किंवा दहा दिवसांनीही उतार नाही, तर ती इजा समजून डॉक्टरांना दाखवावं. आणि बेसुमार व्यायामानंतर स्नायू टणक सुजले, हातापायांतलं बळ गेलं, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरी पाणी पीत वाट बघत बसू नका. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातले घटक मूत्रपिंडांवर जाऊन आदळतात तेव्हा असं होतं; त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.