लिनक्सचे लॉग: डिस्कवर कुलूपबंद की वाटेत एन्क्रिप्ट?

लॉगमध्ये, म्हणजे मशीनवर काय घडलं याच्या नोंदींत, लपवण्यासारखं काय असतं? घाईत कुणी युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप केला की एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याची सोय) ‘इन्व्हॅलिड यूजर’च्या पुढे तोच पासवर्ड साध्या अक्षरांत लिहून ठेवतं.

लॉगचं पार्टिशन लक्सने (लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन) एन्क्रिप्ट केलं, तर चोरलेली किंवा भंगारात गेलेली डिस्क कुणाला वाचता येत नाही. फायदा एवढाच. मशीन चालू असताना पार्टिशन उघडंच असतं. रूट, म्हणजे मशीनचे सर्वाधिकार मिळवलेला घुसखोर सगळं वाचतो, पुसतोही. शिवाय रीबूटनंतर पासफ्रेज कोण देणार? दूरच्या सर्व्हरवर ही खरी डोकेदुखी.

दुसरा पर्याय, आरसिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्राममधून टीएलएसवर (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर) लॉग वेगळ्या सर्व्हरला पाठवणं. जुन्या पद्धतीत, पोच न घेणाऱ्या यूडीपीच्या पोर्ट ५१४ वर, मजकूर उघडा जातो आणि हरवला तरी कळत नाही. टीएलएससाठी पोर्ट ६५१४. इथे घात करते ती ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत. ती संपली की जोडणी तुटते, पाठवायच्या नोंदींची रांग मेमरीत भरत जाते आणि शेवटी नोंदी गळतात. म्हणून रांगेला फाइलचं नाव देऊन ती डिस्कवर उतरू द्या, पुनर्प्रयत्नांची संख्या उणे १, म्हणजे अमर्याद, ठेवा. पाठवलेली नोंद घुसखोराला मूळ मशीनवरून पुसता येत नाही, आणि तपासाच्या वेळी हेच कामी येतं.

लॅपटॉपला लक्स हवंच, पण तिथे अख्खी डिस्कच एन्क्रिप्ट करा. सर्व्हरवर आधी टीएलएस. नोंदींत फेरफार झाला का एवढंच पाहायचं असेल, तर जर्नलडी या लिनक्सच्या लॉग सेवेचं सीलिंग (नोंदींवर ठरावीक वेळाने लागणारी क्रिप्टोग्राफिक मोहोर) पुरतं. पडताळणीची किल्ली मात्र त्याच मशीनवर ठेवू नका.