मानेचं ऑपरेशन: पुढून की मागून?
मानेत नस दबली की हात ठणकतो, पण मज्जारज्जूच दबला तर दुखणं कमी नि घोळ जास्त, शर्टाची बटणं लागत नाहीत, चप्पल पायातून निसटते, दादरच्या पुलाचा जिना उतरताना कठडा सोडवत नाही. आमच्या मामांचं हेच झालेलं.

पुढून म्हणजे गळ्याला छोटा काप, खराब डिस्क (दोन मणक्यांमधली चकती) काढून तिथे केज, म्हणजे ती जागा धरून ठेवणारा छोटा ठोकळा, वर प्लेट आणि स्क्रू. एकदोन ठिकाणीच दाब असेल तर मला हेच बरं वाटतं, स्नायू फारसे कापावे लागत नाहीत. पण नंतर गिळायला त्रास होतो, आवाज बसू शकतो, मामांना वरणभातसुद्धा मिक्सरमधून काढून द्यायचो. आणि अगदी वर, जबड्याजवळ, पुढून पोचणं अवघड.

मागून म्हणजे लॅमिनोप्लास्टी, मणक्याची मागची कमान एका बाजूने दारासारखी उघडायची, म्हणजे रज्जूला दाबापासून मागे सरकायला जागा होते, जपानमध्ये १९७० च्या दशकात पुढे आलेली पद्धत. तीन-चार ठिकाणी दाब असेल तर बहुतेक हीच, फक्त मानेचा बाक पुढच्या बाजूला उलटलेला असेल तर उपयोग नाही, रज्जू मागे सरकतच नाही ना! मान मात्र जास्त दिवस दुखते. खांदा उचलेनासा होण्याचा धोका दोन्हीकडे आहे, बहुतेकांचा हळूहळू सुधारतो.