मेलच्या सिग्नेचरमधलं व्हिजिटिंग कार्ड : काही महिने वापरल्यावर

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मार्केटिंग बघतो. मेल जातात ते बहुतेक चाकण-पिंपरीच्या परचेस खात्यांना, थोडे जर्मनीला. दिवाळीच्या सुमारास कंपनीत ठरलं, की सगळ्यांच्या सिग्नेचरला इलेक्ट्रॉनिक बिझनेस कार्ड जोडायचं. आता पावसाळा तोंडावर आलाय. सुरुवातीचं कौतुक ओसरलंय आणि नंतरचा वैतागही.

हे कार्ड म्हणजे मुळात एक साधी मजकुराची फाईल, व्हीसीएफ. नोटपॅडमध्ये उघडली तर वर ‘बिगिन व्हीकार्ड’, खाली ‘एंड व्हीकार्ड’ आणि मध्ये एकेका ओळीत नाव, हुद्दा, फोन, पत्ता. ॲपल, आयबीएम, एटी अँड टी आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट नावाच्या गटाने १९९५ च्या सुमारास हा ‘व्हीकार्ड’ प्रकार काढला. इतका जुना आणि सर्वमान्य असल्यामुळे साधारण कुठलाही फोन ती फाईल ओळखतो. समोरच्याला ॲप घ्यायला नको, लॉगिन नको. महिन्याला पैसे घेणाऱ्या डिजिटल कार्डवाल्यांचे फोन आम्हालाही येतात, पण ‘सेव्ह करा’ बटण दाबल्यावर त्यांच्याकडूनही बहुधा हीच फाईल खाली उतरते.

खरा फायदा एकच, फोन उचलला जातो. अनोळखी नंबर हल्ली कोण घेतं? कार्ड सेव्ह झालेलं असेल तर स्क्रीनवर माझं नाव आणि कंपनी दिसते, आणि परचेसवाला मीटिंगमध्ये असला तरी निदान ‘नंतर करतो’ असा मेसेज टाकतो. नवीन ग्राहक कार्ड सेव्ह करतात. जुन्यांकडे नंबर असतोच, त्यांना त्याची फक्त अडगळ.

ती अडगळ किती, ते पहिल्या महिन्यातच कळलं. फाईल अटॅचमेंट म्हणून जोडली होती, त्यामुळे प्रत्येक मेलला पिन दिसायची. चाकणचा एक परचेसवाला फोनवर म्हणाला, “अहो, पिन बघून मला वाटतं टेस्ट सर्टिफिकेट आलं, उघडतो तर तुमचा मोबाईल नंबर!” त्याचं बरोबरच होतं. एका कोटेशनवर सात-आठ उत्तरं झाली की साखळीत आमचीच कार्डं जमायची आणि अटॅचमेंट असलेले मेल शोधायला गेलं की खरं ड्रॉइंग त्या ढिगात बुडायचं. त्यात फोटो घातलेला. फोटो या फाईलमध्ये अक्षरांच्या रूपात बसवतात, त्यामुळे मूळच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त जागा खातो. एका ग्राहकाच्या मेल सर्व्हरने तर असे मेल अडवूनच ठेवले.

मग आयटीवाल्या पोराने अटॅचमेंट काढली आणि फाईल आमच्याच वेबसाईटवर ठेवली. सिग्नेचरमध्ये फक्त ‘माझा नंबर सेव्ह करा’ अशी लिंक. शिवाय नव्या मेलला पूर्ण सिग्नेचर आणि उत्तराला नुसतं नाव-नंबर अशी विभागणी केली. जीमेल आणि आउटलुक दोन्हींत या दोन सिग्नेचर वेगळ्या ठेवता येतात, पण सेटिंगमध्ये इतकं खाली जातं कोण! या बदलानंतर तक्रारी थांबल्या.

लिंकशेजारी लहानसा क्यूआर कोडही आहे. फोनवर मेल वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, तो लिंकच दाबतो. पण कारखान्यातले लोक मेल बघतात डेस्कटॉपवर आणि नंबर हवा असतो मोबाईलमध्ये, तिथे क्यूआरच सोयीचा. त्यात सगळं कार्ड कोंबू नका. देवनागरीतलं एकेक अक्षर तीन बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या, त्यामुळे ठिपके इतके दाट होतात की साधा कॅमेरा चाचपडतो. क्यूआरमध्ये लिंकच घाला. आणि नाव-नंबर साध्या मजकुरात राहू द्याच, कारण बऱ्याच ऑफिसांत मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत.

नाव देवनागरीत हवं हा माझा हट्ट. पहिल्या फाईलमध्ये त्याची सरळ प्रश्नचिन्हं झाली होती. व्हीकार्डच्या २.१ या जुन्या आवृत्तीत वेगळं सांगितलं नाही तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांतला धरतात. २०११ च्या ४.० आवृत्तीत यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत, सक्तीचं आहे, पण आम्ही मधली ३.० घेऊन यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली, आणि मी बघितलेल्या फोनांवर ती नीट उघडली. नावाच्या रकान्यात आधी आडनाव, मग नाव, मग मधलं नाव असा क्रम असतो. म्हणजे आपल्याकडे वडिलांच्या नावालाही आयती जागा! पत्त्याचं मात्र जमत नाही. त्याला सात खण आहेत, टपाल पेटीपासून देशापर्यंत, पण ‘वजनकाट्यासमोर’ कुठे लिहायचं? आम्ही ते टीप म्हणून टाकलं.

नंबर +९१ लावूनच घाला. लँडलाईन असेल तर ०२३१ मधलं शून्य काढून +९१ २३१. नाहीतर जर्मनीतून फोन लागत नाही.

एक उणीव मात्र या प्रकाराच्या हाडातच आहे. एकदा सेव्ह केलेलं कार्ड गोठतं. आमचा एक सेल्सवाला नोकरी सोडून गेला, आणि त्याच्या जुन्या नंबरावर अजून ऑर्डरची चौकशी होते. वेबसाईटवरची फाईल बदलली तरी लोकांच्या फोनमधली बदलत नाही. म्हणून आता कार्डावर कंपनीचंच सिम, स्वतःचा नंबर नाही.

त्यातूनच डिस्पॅचचं कार्ड निघालं. व्यक्तीचं नाव नाही, फक्त कंपनी, ‘डिस्पॅच’, दोन नंबर आणि गेटचं लोकेशन. इनव्हॉईसच्या मेलला त्याची लिंक जाते, परचेसवाला ते कार्ड व्हॉट्सॲपवर ट्रान्सपोर्टवाल्याला देतो आणि तो ड्रायव्हरला. पूर्वी रात्री अकरा वाजता ‘साहेब, गेट कुठलं?’ म्हणून मलाच फोन यायचे, ते बंद झाले. माझ्या स्वतःच्या कार्डापेक्षा हेच जास्त फिरलंय. सध्या क्वालिटीवाले मागे लागलेत, आमचंही असंच कार्ड करा म्हणून. त्यांना मी टोलवतोय. रिजेक्शनचे, म्हणजे माल नाकारल्याचे, फोन थेट कारखान्यात शॉपवर जायला लागले तर माझ्या कानावर काही येणारच नाही.