जेनोआ फर्लर, १४ महिन्यांनंतर: सगळा घोळ वरच्या ५२ सेंटीमीटरचा

गेल्या फेब्रुवारीत खांदेरी मागे टाकून गेटवेकडे परतत होतो. दुपारचे साडेतीन, वारा १२ नॉटवरून २० च्या पुढे गेलेला. जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, अर्धा गुंडाळावा म्हणून मी फर्लरची, म्हणजे शीड गुंडाळणाऱ्या यंत्राची, दोरी (फर्लिंग लाइन) ओढली. शिडाच्या पायथ्याचा ड्रम तीन फेरे फिरला आणि अडला. पुन्हा ओढली, हलेना. मग लाइन विंचवर (दोरी ओढायच्या हँडलवाल्या चाकावर) घेतली आणि हँडलचे दोन फेरे मारले. टिलरवरून बाबा ओरडले, "अगं, ओढू नकोस! आधी वर बघ!"

वर बघितलं तर हॅलयार्डचा, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीचा, फॉइलभोवती (ज्या पोकळ दांडीवर शीड गुंडाळतं तिच्याभोवती) दीड फेरा बसला होता, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात तसा. शीड ना गुंडाळता येत होतं, ना खाली घेता येत होतं. वारा पाठीवर घेऊन जेनोआ मेनच्या (मागच्या मुख्य शिडाच्या) आडोशाला आणावा, तर त्या दिशेला थळ-किहीमचा किनारा आणि त्याच्या अलीकडे मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खुंट. तरी तेच केलं. शीड पूर्ण उलगडलं, नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बसून ड्रम हाताने उलटा फिरवला, बाबांनी हॅलयार्ड थोडी सैल सोडली, मी पुन्हा फिरवला. चौथ्या खेपेला वरचा वेढा सुटला आणि शीड धाडकन डेकवर आलं. घरी मेनवर आलो. दोघंही गेटवेपर्यंत गप्प होतो.

त्या संध्याकाळी मी या फर्लरबद्दल जे लिहिलं असतं ते आज लिहिणार नाही. पण जे आज लिहिते आहे ते विकत घेण्याआधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

फर्लर घ्यायचं कारण साधं होतं. आमची बोट ३० फुटी, जुनी, सेकंडहँड. बाबा ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात, आणि त्यांना शीड बदलायला पुढच्या डेकवर पाठवणं मला आता सहन होत नाही. शिवाय मुंबईच्या हंगामात एकाच दिवसात दोन वेगवेगळे समुद्र भेटतात. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा, ६-८ नॉटचा, त्याला मोठा जेनोआ लागतो. अकराच्या सुमारास सगळं पडतं. मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चार वाजेपर्यंत तोच जेनोआ जड होतो. हँकवाली (वायरला कड्यांनी अडकवायची) शिडं असली की मांडव्याला जाऊन येण्यात दोनदा पुढे जाऊन शीड बदलायचं. फर्लर असला की कॉकपिटमधून एक दोरी.

निवडताना मी दोनच गोष्टी बघितल्या, बेअरिंग आणि फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारी, फॉइलच्या आतली वायर. आमची बोट मूरिंगवर (पाण्यातच, बोयाला बांधलेली) असते, तिथे नळ नाही. हार्केनसारख्या यंत्रात उघडी बॉल बेअरिंग असतात. ती वंगण मागत नाहीत, पण वरचेवर गोड्या पाण्याने धुवावी लागतात. मूरिंगवर गोडं पाणी म्हणजे २० लिटरचा जार डिंगीतून नेणं. प्रोफर्लसारख्या यंत्रात बेअरिंग ग्रीस भरून सीलबंद असतात, त्यामुळे रोजची कटकट नाही. फर्लेक्सच्या किटमध्ये नवी फोरस्टेची वायर सोबतच येते, ही मोठी सोय, कारण जुन्या वायरवर नवं फॉइल चढवण्यात मला कधीच शहाणपण वाटलं नाही. मी शेवटी सीलबंद बेअरिंगवालं एक यंत्र घेतलं आणि वायर वेगळी नवी घातली. ब्रँडचं नाव लिहीत नाही. पुढे विक्रेत्याशी वाद झाला, त्याचा डाग यंत्रावर पडू नये.

पैसे वाचवायला मी एक गोष्ट केली. नवा जेनोआ न शिवता जुन्याचेच हँक काढून त्याच्या पुढच्या कडेला (लफला) फॉइलच्या खाचेत सरकणारी लफ टेप लावून घेतली, आणि मागच्या-खालच्या कडांवर (लीच-फूटवर) उन्हासाठी यूव्ही पट्टी. शीड चांगलं होतं, फक्त सहा वर्षांचं. टाकून द्यायला मन झालं नाही. शीडवाल्याने विचारलं, "लफ तेवढाच ठेवू ना?" मी म्हटलं, हो. फॉइल किती लांबीचं येणार हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ५२ सेंटीमीटर तिथेच हरवले.

फेब्रुवारीनंतर पहिले दोन आठवडे मी बेअरिंगला दोष देत होते. सीलच्या आत पाणी गेलं असणार, गंज धरला असणार, स्वस्तातला माल. विक्रेत्याला फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही विंचवर ओढलंत, तिथे वॉरंटी संपली." मी म्हटलं, विंचवर ओढलं ते अडकल्यानंतर, आधी नाही. "तुमचं शीड जुनं आहे, ते आम्ही दिलेलं नाही." मग बसवणाऱ्याकडे बोट. बसवणारा म्हणाला, मी फॉइल बसवलं, शीड चढवून दाखवणं कामात नव्हतं. असे पाच फोन आणि बऱ्याच ईमेल. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या त्याच्या जागी खरं होतं, आणि माझं शीड अडकलेलंच होतं.

मार्चमध्ये दादाला विंचवर बसवून मी स्वतः बोसन चेअरमध्ये (डोलकाठीवर चढायच्या झोपाळ्यात) वर गेले. टोकाला पोचल्यावर आधी स्विव्हल, म्हणजे शीड आणि हॅलयार्ड जोडणारा फिरता सांधा, हाताने फिरवून बघितला. लोण्यासारखा फिरला. बेअरिंगला काहीही झालेलं नव्हतं, आणि दोन आठवडे मी त्या निर्दोष यंत्राला शिव्या घातल्या याचं मला खरंच वाईट वाटलं. मग टेप लावून मोजलं. फॉइलच्या वरच्या टोकापासून स्विव्हलपर्यंत ५२ सेंटीमीटर. तेवढ्या लांबीत हॅलयार्ड फॉइलला जवळजवळ समांतर, मध्ये माझी दोन बोटं जेमतेम जातील एवढंच अंतर. फॉइलवर काळसर घासल्याची सर्पिल रेघ उमटली होती आणि हॅलयार्डचं वरचं आवरण तिथे केसाळ झालं होतं. नखाने ओढलं तर धागे हातात आले.

यामागचं तत्त्व कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. स्विव्हलचा खालचा भाग शीड आणि फॉइलसोबत फिरतो, वरचा भाग हॅलयार्डने धरून ठेवलेला असतो, तो फिरता कामा नये. हॅलयार्ड मागे डोलकाठीच्या दिशेने खेचत असेल तर वरचा भाग जागेवर राहतो. हॅलयार्ड फॉइलला समांतर असेल, किंवा सैल असेल, तर तोही फॉइलसोबत गोल जातो आणि हॅलयार्ड गुंडाळली जाते. बहुतेक उत्पादक ८ ते १० अंशांचा कोन मागतात. तो मिळवायचे दोन मार्ग. शीड आखूड असेल तर त्याच्या माथ्यावर पेंडंट (जोड वायरचा तुकडा) लावून स्विव्हल फॉइलच्या टोकाजवळ न्यायचा. तरीही कोन कमी पडला तर डोलकाठीच्या पुढच्या अंगाला हॅलयार्ड रेस्ट्रेनर (हॅलयार्ड अडवून धरणारी फिटिंग) लावून हॅलयार्ड मागे ओढायची, पण थोडीच. फार मागे ओढली तर स्विव्हलवर आडवा ताण येतो आणि तोच जड फिरू लागतो. ताण खाऊन वेढा बसलेला असताना विंचने ओढत राहिलात तर फॉइल वाकतं, आतल्या फोरस्टेच्या तारा पिळून उलगडतात, आणि फोरस्टे गेली की डोलकाठी जाते. त्या दिवशी मी हँडलचे दोनच फेरे मारले, याबद्दल बाबांचे आभार मानते.

मशीद बंदरला एका वायर रोपच्या दुकानातून ५ मिमी, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस वायरचं पेंडंट करून घेतलं, दोन्ही टोकांना थिंबल (धातूचं कडं) दाबून. दुकानदाराने विचारलं, लांबी किती? मी ४७ सांगितली, कारण शॅकल दोन्हीकडचे धरून ५२ भरायला हवे होते. घरी जेवणाच्या टेबलावर तीनदा मोजून गेले होते. खर्च इतका किरकोळ की हजार रुपयेही पूर्ण संपले नाहीत.

आणि इथे माझा खरा राग आहे, तो अजून गेलेला नाही. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये हे सगळं आहे. कोनाचं चित्र आहे, रेस्ट्रेनरचं चित्रही आहे. पण रेस्ट्रेनर खोक्यात नाही. खोक्यात दोन ॲलन की आल्या, कंपनीचे चार स्टिकर आले, एक टोपी आली. डोलकाठी वाचवणारी ती एक छोटी धातूची फिटिंग मात्र "वेगळी मागवा". ती मागवली, आणि त्या एवढ्याशा तुकड्यावर विमानभाडं, कस्टम्स ड्युटी आणि कुरिअरची हाताळणी मिळून वस्तूपेक्षा जास्त पैसे गेले. ती खोक्यात असती तर उत्पादकाला काही रुपये पडले असते. विक्रेत्याला मी चार ओळींची ईमेल पाठवली आहे: पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फॉइल बसवल्यावर शीड चढवून स्विव्हल कुठे थांबतो ते मोजा, आणि कोन कमी असेल तर रेस्ट्रेनर सोबतच द्या. उत्तर आलेलं नाही.

मे महिन्यात बोट वर काढली तेव्हा रेस्ट्रेनर बसवला. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचे स्क्रू, म्हणून दोन धातू एकमेकांना खाऊ नयेत यासाठी मध्ये टेफ-जेल. फॉइलच्या सांध्यांचेही सगळे स्क्रू काढून तेच लावून पुन्हा बसवले, दोन आधीच पांढरे पडले होते. ऑक्टोबरात बोट पाण्यात आली. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी बाहेर गेलो आहोत, आणि एकदाही अडकलं नाही. डिसेंबरात बाबांनी एका हाताने लाइन ओढून अख्खा जेनोआ गुंडाळला आणि हात वर करून मला दाखवला. तेवढ्यासाठी सगळे पैसे वसूल झाले असं मी मानते.

बाकी गोष्टी थोडक्यात. अर्धा गुंडाळलेला जेनोआ वाऱ्याच्या तोंडावर चांगला जात नाही. पोट राहतं, बोट कलते आणि पुढे कमी सरकते. साधारण एक तृतीयांशापर्यंत ठीक, त्यापुढे फक्त घरी पोचण्यापुरतं. पुढचं शीड शिवेन तेव्हा लफला फोम नक्की घालेन. शीड उलगडताना फर्लिंग लाइनला हाताचा थोडा ताण ठेवा, नाहीतर ती ड्रमवर सैल गुंडाळते आणि एकमेकींखाली अडकते. शीड पूर्ण गुंडाळल्यावर शीटचे (शीड ताणायच्या दोरीचे) दोन-तीन वेढे बसतील एवढी लाइन ड्रमवर शिल्लक हवी. यूव्ही पट्टीचं कापड अजून बरं आहे, पण शिवणीचा दोरा १४ महिन्यांतच खडूसारखा झाला. आपल्या उन्हात कापडाआधी दोरा जातो. शीडवाल्याला सांगून टेनाराचा दोरा घालायला लावा, थोडे जास्त पैसे पडले तरी. पावसाळ्यात शीड खाली काढून, धुऊन, वाळवून घरी ठेवा.

बेअरिंगबद्दल माझं मत पूर्ण बदललं. पाण्याचा एक जार अजून नेते, पण तो ड्रमवरचं मीठ आणि बंदरातली काळी धूळ घालवण्यापुरता.

एक सवय लागली आहे ती सांगते. आता लाइन ओढण्याआधी मी वर बघते. स्विव्हलच्या वरच्या भागावर लाल टेपची पट्टी चिकटवली आहे. ती डोलकाठीकडे तोंड करून स्थिर असली तर ओढायचं. ती जरा जरी वळताना दिसली तर थांबायचं आणि सोडायचं.

फॉइलच्या आतली फोरस्टे दिसत नाही, म्हणून यंदाच्या मेमध्ये फॉइल उतरवून वायर तपासून घेणार आहे. विंचच्या त्या दोन फेऱ्यांचं ओझं अजून डोक्यात आहे. एखादी तार जरी सुटलेली दिसली तर वायर बदलेन, आणि पेंडंटची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजेन.