साहेब १९४७ ला गेला, पिस्तूल १९७९ नंतरचं

अडतीस हजार रुपये गेले. घरी अजून बावीसच सांगितलेत.

भुसावळला जुन्या वस्तूंच्या नादी लागलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. रेल्वेच्या बंगल्यात इंग्रज साहेब होता, जाताना खानसाम्याला अमुक देऊन गेला, आता त्याचा नातू विकतोय. याच गोष्टीवर मी आधी एक कंदील आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेतलं होतं, आणि दोन्ही अस्सल निघाली. म्हणून तिसऱ्यांदा शंकाच आली नाही.

या वेळी छऱ्याचं पिस्तूल होतं. विकणारा म्हणाला, "वेब्ली सीनियर आहे भो, इंग्रजाच्या काळातलं. लाकडी मूठ बघा ना, असं काम आता कोण करतं?" मी थोडंफार वाचून गेलो होतो. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटनं पहिलं एअर पिस्तूल १९२४ साली काढलं, सीनियर १९३० साली आलं. सालं जुळत होती. कडी काढून नळी मागून उचलायची आणि पुढे लोटायची, की आतली स्प्रिंग दाबली जाते, हेही वाचलं होतं तसंच निघालं. मी खूश.

पण वेब्लीनं हीच रचना पुढे कित्येक दशकं चालवली. सीनियरच्या जागी १९६४ ला प्रीमियर आलं, १९७५ ला हरिकेन, १९७९ ला टेम्पेस्ट, आणि सगळ्यांची नळी तशीच उघडते. नळी कशी उघडते यावरून साल ठरवणं म्हणजे अँबॅसेडरचं बॉनेट बघून गाडी कोणत्या वर्षाची ते सांगणं.

त्यानं मोबाइलवर पाठवलेले सगळे फोटो उजव्या बाजूचे होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. प्रत्यक्ष बघायला गेलो तेव्हा मे महिना, दुपारची वेळ, लाइट गेलेली. ओट्यावर बसून घाम पुसत बघितलं. त्यातच त्यानं ताक आणून दिलं. ताक पिऊन झाल्यावर कोण मालाला नावं ठेवतो?

पंधरा दिवसांनी ते धुळ्याला घेऊन गेलो. तिथे ओळखीचे एक निवृत्त फौजी काका पोरांना नेमबाजी शिकवतात. त्यांनी पिस्तूल हातात तोललं आणि काही न बोलता कपाटातून लोहचुंबक आणलं. नळीला खटकन चिकटलं. मुठीवरच्या सांगाड्याला लावलं, तर घसरून सतरंजीवर पडलं. परत लावलं, परत पडलं.

"हे पोलाद नाही. ओतीव मिश्रधातू आहे. सीनियरचा सांगाडा असा नसतो."

मग त्यांनी डाव्या बाजूवर नख फिरवायला सांगितलं. नळीच्या खालच्या भागात, जिथे मॉडेलचं नाव असतं, तिथे नख किंचित खाली उतरत होतं. कानशीनं नाव घासून वरून काळा रंग मारला होता. थोडं मागे, चापाच्या वर, रंगाखाली एक बारीक वाटोळा ठिपका. काकांनी सुईनं टोकरला तर राखाडी भुकटी पडली, एम-सीलची. तिथे सेफ्टीचं बटण होतं. टेम्पेस्टला ते असतं, सीनियरला नाही. बटण काढलं, भोक बुजवलं आणि प्लास्टिकच्या मुठीच्या जागी शिसवीच्या पट्ट्या बसवल्या. ज्या मुठीवर मी भाळलो होतो ती तर उलट खूण होती. काका म्हणाले, सीनियरला काळ्या, बेकेलाइटसारख्या पट्ट्या येतात. पट्ट्यांचे स्क्रू मात्र नवे कोरे होते, खाचा चमकत होत्या. ते मला ओट्यावरही दिसले होते. मी मनात म्हटलं, जपून ठेवलंय बिचाऱ्यानं.

पोलिसांत जायचं मनात आलं होतं. पण फिर्यादीत "पिस्तूल" हा शब्द लिहायचा म्हटल्यावर सौ.चा चेहरा डोळ्यांसमोर आला. वर पावती नाही, रोख व्यवहार. जुनी वस्तू घेताना पावती मागायचं मला आजवर कधी सुचलं नव्हतं, कंदिलालाही नाही.

शेवटी त्यालाच फोन लावला. म्हटलं, भाऊ, तुमचा साहेब १९४७ ला गेला आणि हे पिस्तूल १९७९ नंतरचं आहे. दोन क्षण पलीकडून फक्त पंख्याचा आवाज.

"मग साहेब परत आला असंल ना भो एखांद्या बार."

तेव्हापासून फोन बंद लागतो.